यूकॉनच्या पोरी जिंकल्या, पण कुणामुळे? (महिला कॉलेज बास्केटबॉल, २०२४-२५चा हिशेब)

स्टॉर्सकर | १३ एप्रिल २०२५, रात्री

आज हार्टफर्डात मिरवणूक होती. लेकीला खांद्यावर घ्यायचे दिवस गेले, ती आता माझ्या खांद्याला लागते. त्यामुळे दोघंही टाचा उंचावून उभे होतो. गर्दीत दर तिसऱ्या पाठीवर पाच नंबर, म्हणजे पेज बेकर्स. परत येताना गाडीत लेक म्हणाली, "बाबा, पेज तर चालली. आता आपलं काय?" मी विचारलं, "फायनल कुणी जिंकून दिली?" क्षणाचाही विचार न करता उत्तर आलं, "पेजने!"

म्हणून हा धागा. घरात ऐकून घेणारं कुणी नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडंसं. यूकॉन म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कनेक्टिकट. गाव स्टॉर्स. गाई, कुरणं, विद्यापीठाच्या स्वतःच्या डेअरीचं आइस्क्रीम आणि गॅम्पेल पॅव्हिलियन, संपलं गाव. १९८५ साली जीनो ऑरिएमा इथे कोच म्हणून आला. त्याच्यासोबत क्रिस डेली आली, आणि दोघं अजून इथेच आहेत. १९९५ला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. गेल्या रविवारी, ६ एप्रिलला, फ्लोरिडातल्या टॅम्पात राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असं धुऊन बारावं. पुरुष आणि महिला दोन्ही धरले तरी कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या श्रेणीत इतकी विजेतेपदं दुसऱ्या कुठल्याच संघाची नाहीत.

पण अकराव्या आणि बाराव्यात नऊ वर्षं गेली. मी इथे विमा कंपनीच्या नोकरीसाठी आलो तो २०१६च्या उन्हाळ्यात, सलग चार विजेतेपदं मिळवून संघ नुकताच मोकळा झाला होता तेव्हा. शेजारी म्हणायचे, दरवर्षी असंच असतं. मग २०१७ला सलग १११ सामने जिंकलेला हा संघ उपांत्य सामन्यात मिसिसिपी स्टेटकडून ओव्हरटाइममध्ये हरला, शेवटच्या क्षणी, ६६-६४. पुढच्या वर्षी परत उपांत्य, परत ओव्हरटाइम, या वेळी नोटर डेम. २०२२ला फायनलपर्यंत पोचलो तर साउथ कॅरोलायनाने ६४-४९ असं गारद केलं. २०२४ला केटलिन क्लार्कच्या आयोवाकडून ७१-६९, तेही शेवटचे चार सेकंद उरले असताना आमच्या अलिया एडवर्ड्सवर चुकीच्या स्क्रीनचा (समोरचीची वाट नियमाबाहेर अडवल्याचा) फाउल देऊन. त्या फाउलवर वेगळा धागा काढा, इथे नको, मला रक्तदाब आहे. शेजाऱ्यांच्या घरात मी पनवती म्हणून प्रसिद्ध झालो होतो.

आता मुद्दा. सगळीकडे जी गोष्ट सांगितली जातेय ती अशी: पेज बेकर्स पहिल्याच वर्षी, २०२१ला, देशातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. मग २०२२च्या ऑगस्टमध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटला, पुढचा अख्खा हंगाम बाकावर. परत आली, थांबली, आणि शेवटच्या सामन्यात चषक उचलून निघाली. गोष्ट सुंदर आहे. फायनल संपायला दीड मिनिट असताना जीनोने तिला बाहेर काढलं आणि ती त्याच्या गळ्यात पडून रडली तेव्हा मीही चष्मा पुसला. पण आकडे बघा.

उपांत्य सामना, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाविरुद्ध: सारा स्ट्राँग २२, अ‍ॅझी फड १९, पेज १६. फायनल: फड २४, स्ट्राँग २४, पेज १७. दोन्ही सामन्यांत पेज तिसरी! आणि या दोन सामन्यांतले फरक? यूसीएलए ही अख्ख्या स्पर्धेची पहिली मानांकित टीम, तिला ८५-५१. चौतीस गुणांचा फरक, महिलांच्या फायनल फोरच्या, म्हणजे उपांत्य आणि अंतिम सामन्यांच्या, इतिहासातला सगळ्यात मोठा. फायनलमध्ये तेवीस.

आपल्या पिढीला हे कसं सांगू? नव्वदच्या दशकात सचिन बाद झाला की घराघरांत टीव्ही बंद व्हायचा, आठवतंय ना. यूकॉन चार वर्षं तसंच होतं. पेज चालली तर सामना, नाही तर हरि हरि. यंदा पहिल्यांदा असं झालं की पेजला दोन-दोन जणींनी घेरलं तरी टीव्ही बंद करावासा वाटला नाही.

आणि हे आपोआप झालेलं नाही. हंगामात तीन पराभव आहेत (३७-३), ते नीट बघितल्याशिवाय विजय कळणार नाही. १२ डिसेंबरला नोटर डेममध्ये ७९-६८, हॅना हिडाल्गोने २९ गुण ठोकले. २१ डिसेंबरला हार्टफर्डात लॉस एंजेलिसच्याच यूएससी विद्यापीठाकडून ७२-७०, त्यांची स्टार जूजू वॉटकिन्स. मी स्टेडियममध्ये होतो, पार्किंगमधून बाहेर पडायला लागलेला वेळ सांगत नाही. आणि ६ फेब्रुवारीला नॉक्सव्हिलला टेनेसीकडून ८०-७६. टेनेसी हा जुना दावेदार, पण २००७ नंतर त्यांनी आम्हाला हरवलं नव्हतं. त्यांची नवी कोच किम कॉल्डवेल, नुकतीच बाळंतीण, मुलगा तीन आठवड्यांचाही नव्हता. ती पाचच्या पाच पोरी एकदम बदलते. दोन मिनिटं जिवाच्या आकांताने पळा, मग पुढच्या पाच जणी. आमच्या पोरी त्या रेट्यात गोंधळल्या आणि जुनी सवय वर आली: बॉल पेजकडे द्यायचा आणि चौघींनी उभं राहून बघायचं.

तो सामना मी दोनदा बघितलाय. शेवटच्या क्वार्टरमध्ये पेजच्या हातात बॉल असताना बाकीच्यांचे पाय बघा. लग्नात फोटोसाठी उभी राहिलेली वऱ्हाडी मंडळी.

दहाच दिवसांनी, १६ फेब्रुवारीला, कोलंबियात साउथ कॅरोलायनाच्या घरात सामना. घरच्या मैदानावर सलग ७१ सामने ते हरले नव्हते, २०२०च्या डिसेंबरपासून. आम्ही जिंकलो ८७-५८. पेजचे गुण किती? बारा. पण असिस्ट, म्हणजे ज्यावर दुसरीने बास्केट केली असे पास, दहा. फडचे २८. चौघी उभ्या नव्हत्या, सतत पाठीमागून कट मारत होत्या, आणि पेज टाकेल तिथे कुणी ना कुणी पोचत होतं. माझ्या मते विजेतेपद त्या दिवशी ठरलं, टॅम्पात फक्त सही झाली.

आता एकेकीबद्दल, पण सगळ्यांबद्दल नाही, झोप येतेय.

अ‍ॅझी फड. स्टॅनफर्डची जुनी खेळाडू जेनिफर अ‍ॅझी, तिच्यावरून आईबापांनी नाव ठेवलं. गुडघ्याचा लिगामेंट दोनदा फाटलाय, एकदा शाळेत, एकदा नोव्हेंबर २०२३मध्ये. तिचा शॉट म्हणजे शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी फळ्यावर हाताने काढलेलं वर्तुळ. प्रत्येक वेळी तेच. पण आधी ती फक्त शूटर होती. यूसीएलएविरुद्धचे १९च्या १९ गुण पहिल्या हाफमध्ये. त्या मध्यंतराला आम्ही ४२-२२ पुढे होतो, सामना तिथेच आटोपला. आणि फायनलमध्ये तिचा डिफेन्स बघा, पासच्या वाटेत हात घालून बॉल पळवणं. फायनल फोरची सर्वोत्तम खेळाडू हा मान तिला दिला तो उगाच नाही.

सारा स्ट्राँग. पहिलं वर्ष. सहा फूट दोन इंच. हिच्याबद्दल मी काय लिहू, हिच्या आईबद्दल लिहितो. अ‍ॅलिसन फिस्टर. १९९८ साली हार्वर्ड, म्हणजे आपल्या गटातलं सोळावं, शेवटचं मानांकन, स्टॅनफर्डच्या घरात गेलं आणि पहिल्या मानांकित स्टॅनफर्डला ७१-६७ हरवून आलं. सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची ती पहिली वेळ. त्या दिवशी फिस्टरने ३५ गुण केले होते. लेकीने या स्पर्धेत ११४ केले, पहिल्या वर्षाच्या मुलीने एका स्पर्धेत केलेले आजवरचे सर्वाधिक. फायनलमध्ये २४ गुण आणि १५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल), आणि चेहऱ्यावर भाव काय? भाजी आणायला निघाल्यासारखा. जीनोच्या बाकावरून आरडाओरडा चालू असतो, ही मान हलवते आणि परत जाते.

केटलिन चेन. प्रिन्स्टनहून शेवटच्या एका वर्षासाठी आली. पेपरात नाव येत नाही. पण बॉल वर आणायचं काम तिने अंगावर घेतलं म्हणून पेज आणि फड मोकळ्या पळू शकल्या. घरात पाहुणे जेवून ढेकर देतात तेव्हा स्वयंपाकघरात कोण होतं हे कुणी विचारत नाही, तशी ही.

केके आर्नल्ड बाकावरून आली की समोरच्या गार्डचं, म्हणजे बॉल वर आणणारीचं, जगणं मुश्किल. जना एल अल्फी, इजिप्तची, सहा फूट पाच इंच, हात मोठे पण मन अजून घाबरं.

तक्रारीही आहेत. उंच, धिप्पाड संघासमोर रिबाउंड घेताना आमची तारांबळ उडते, साराच्या एकटीच्या जिवावर ते झाकलं गेलं. बाकावर सातवी-आठवीच्या पुढे जीनोचा विश्वास नाही. आणि अटीतटीच्या सामन्यांत आमचं पुस्तक कोरंच राहिलं: ज्या दोन सामन्यांत चार किंवा कमी गुणांनी निकाल लागला, ते दोन्ही हरलो. स्पर्धेत एकही सामना जवळ आलाच नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

उद्या ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजच्या मुली निवडून घेतात तो दिवस. डॅलस पेजलाच घेणार. लिहा काय ते.

---

मिसळपुरी | १४ एप्रिल, सकाळी

छान लिहिलंय. मला बास्केटबॉलमधलं शष्प कळत नाही पण वऱ्हाडी मंडळींवर हसलो.

---

गार्ड_क्र_७ | १४ एप्रिल, सकाळी

एकेकाळी विद्यापीठ पातळीवर खेळलेय, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही. तुमचा आकडेवारीचा मुद्दा मान्य, पण निष्कर्ष अर्धाच.

पेज तिसरी का आली? कारण समोरच्या संघाने अख्खी आखणी तिच्याभोवती केली होती. फायनलमध्ये साउथ कॅरोलायनाची एक चिकटलेली आणि दुसरी अर्ध्या वाटेवर तयार. त्या दुसरीने जी जागा सोडली, तिथे फड उभी. म्हणजे फडच्या २४मधले निदान आठ-दहा गुण पेजच्या सावलीचे आहेत. हे स्कोअरशीटवर दिसत नाही. खो-खोत खांब सोडून कोण पळतंय ते दिसतं, खांबापाशी दबा धरून बसलेली दिसत नाही, तसं.

दुसरं, डिफेन्स. तुम्ही फक्त फडचा उल्लेख केलात. मला तर हा संपूर्ण संघच डिफेन्सवर जिंकलेला वाटतो. मध्यंतराला ३६-२६ आणि तिसऱ्या क्वार्टरनंतर ६२-४२. गतविजेत्या संघाला तीस मिनिटांत ४२ गुण! बॉल एका बाजूला असताना दुसऱ्या बाजूच्या मुली कुठे उभ्या आहेत ते बघा, एक पाय कायम बास्केटखालच्या रंगीत पट्ट्यात. आम्हाला हे सर शिट्टी फुंकून फुंकून सांगायचे आणि आम्ही दोन मिनिटांत विसरायचो. चाळीस मिनिटं न विसरणं हे खरं कॉलेज बास्केटबॉल.

---

स्टॉर्सकर | १४ एप्रिल, दुपारी

@गार्ड_क्र_७ खांबाची उपमा चोरून ठेवली आहे. सावलीचा मुद्दा मान्य. पण मग हेच २०२४ला का झालं नाही? तेव्हाही तिच्याभोवती दोन-दोन होत्याच. फरक असा की तेव्हा मोकळ्या जागेत उभं राहायला फड नव्हतीच, गुडघा धरून बाकावर होती. निम्मा संघ जायबंदी. त्या वर्षी फायनल फोरला पोचलो हाच चमत्कार होता, आणि तो मात्र पूर्णपणे पेजचा. तो मी नाकारत नाही.

डिफेन्सबद्दल कान पकडतो. लिहायला हवं होतं.

---

हडसन_काठचा | १४ एप्रिल, दुपारी

न्यू जर्सीहून नमस्कार. जल्लोषावर विरजण घालायला आलोय.

१. तुम्ही ज्या बिग ईस्ट लीगमध्ये खेळता तिथे तुमच्या तोडीचा संघच नाही. साखळीत १८ पैकी १८ जिंकणं हे कौतुक नव्हे, सराव आहे.
२. जूजू वॉटकिन्सचा गुडघा दुसऱ्या फेरीत गेला नसता तर उपउपांत्य सामन्यात यूएससीने डिसेंबरसारखंच घरी पाठवलं असतं.
३. आणि पेज तिसरी वगैरे म्हणताय, पण त्याआधीच्या तीन सामन्यांत तिने ३४, ४० आणि ३१ केले. बेरीज करा. १०५. ते नसते तर टॅम्पाचं तिकीटच नव्हतं. तुम्ही शेवटचे दोन सामने तेवढे उचललेत, सोयीचे.

---

स्टॉर्सकर | १४ एप्रिल, दुपारी

आलात का, वाटच बघत होतो :)

एक मान्य. बिग ईस्ट दुबळी आहे आणि जानेवारीत सामने बघताना मी कपड्यांच्या घड्या घालतो. पण म्हणूनच जीनो बाहेरचे सामने मुद्दाम कठीण घेतो. तीनही पराभव लीगबाहेरचे, तिन्ही तगड्या संघांकडून.

दोन अर्धं मान्य. जूजूसारखी खेळाडू नसणं म्हणजे यूएससीचा अर्धा आक्रमणाचा डाव गेला. पेजने ३१ केले, साराने २२ गुण आणि १७ रिबाउंड, ७८-६४. जूजू असती तर? सामना झाला असता, एवढं म्हणतो. पण पुढच्या दोन सामन्यांतल्या मुली तर धडधाकट होत्या ना? यूसीएलएची लॉरेन बेट्स २६ गुण करूनही संघ चौतीसने हरला.

तीन. इथे मात्र पकडलंत. साउथ डकोटा स्टेटविरुद्धच्या ३४ गुणांना मी गॅम्पेलमध्ये होतो, लेकीसकट. (अख्ख्या स्पर्धेतल्या पहिल्या सोळा मानांकित संघांना पहिल्या दोन फेऱ्या घरी खेळायला मिळतात, आम्ही आमच्या गटात दुसरं मानांकन.) तो पेजचा स्टॉर्समधला शेवटचा सामना. ती बाहेर आली तेव्हा मैदान उठून उभं राहिलं, माझ्या पुढच्या रांगेतली सत्तरीची बाई, जी एरवी रेफरीला शिव्या घालते, ती हुंदके देत होती. ओक्लाहोमाविरुद्धचे ४० तर तिचे कॉलेज कारकिर्दीतले सर्वाधिक.

तर सुधारणा अशी: पोचवलं पेजने, जिंकवलं तिघींनी. शीर्षक बदलत नाही पण.

---

हडसन_काठचा | १४ एप्रिल, दुपारी

म्हणजे अर्धा धागा मागे घेतलात. चला, वसूल.

---

शेंगदाणा_चटणी | १४ एप्रिल, संध्याकाळी

अडाणी प्रश्न. कॉलेजच्या मुलींचा सामना बघायला एवढी गर्दी का? आमच्या कॉलेजात मुलींची टीम होती हेच मला तिसऱ्या वर्षाला कळलं. आणि यांना पैसे मिळतात का?

---

गार्ड_क्र_७ | १४ एप्रिल, रात्री

अडाणी अजिबात नाही, दुखरा आहे. १९७२ साली तिथे कायदा झाला, टायटल नाइन. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येत नाही, खेळातही नाही. म्हणजे मुलींनाही शिष्यवृत्त्या, कोच, प्रवास, मैदान. पन्नास वर्षांत त्याचं झाड झालं.

आमचं कोर्ट सिमेंटचं, पडलं की गुडघा सोललाच. आंतरविद्यापीठ स्पर्धेला जनरलच्या डब्यातून गेलो, दैनिक भत्ता परत आल्यावर सहा महिन्यांनी मिळाला, तोही दोघींचा राहिलाच. संस्थेचं नाव सांगत नाही, अजून तिथेच आहे ती, रंग मात्र नवा दिलाय. तरीही याच मातीतून शिरीन लिमयेसारखी पुण्याची मुलगी भारताची कर्णधार झाली, हे कसं झालं ते तिलाच माहीत.

पैशांचं: २०२१पासून खेळाडूंना जाहिराती करता येतात. पेजने कॉलेजात असतानाच त्यातून भरपूर कमावलंय.

---

स्टॉर्सकर | १४ एप्रिल, रात्री उशिरा

ड्राफ्ट झाला. पहिल्या क्रमांकावर पेज, डॅलस विंग्ज. अंदाजात काही कर्तृत्व नव्हतं.

@शेंगदाणा_चटणी गंमत ऐका. व्यावसायिक लीगमध्ये यंदा, २०२५ला, पहिल्या क्रमांकाच्या मुलीचा पहिल्या वर्षाचा पगार ७८,८३१ डॉलर. कॉलेजातल्या जाहिराती याच्या कितीतरी पुढे. म्हणजे पोरगी शिकत होती तेव्हा श्रीमंत होती, आता नोकरीला लागली. लेकीने विचारलं, "बाबा, तुमचंही असंच झालं का?" मी म्हटलं झोप.

---

आजोबा_बोरिवली | १५ एप्रिल, सकाळी

माझी नात त्या बाजूला शिकते, तिच्या नादाने फायनल बघितली. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. सौ. म्हणाल्या, "क्रिकेटसुद्धा एवढं बघत नाही तुम्ही." मला एक दिसलं ते सांगतो. तो इटालियन म्हातारा सामना हातात आलेला असतानाही एका चुकीच्या पासवर उठून ओरडत होता. एकाहत्तर वर्षांचा माणूस, वीस गुणांनी पुढे, आणि चेहरा असा की जणू दूध उतू गेलंय. मी शाळेत पी.टी. शिकवायचो. असे गुरुजी पोरांना तेव्हा नको वाटतात.

---

स्टॉर्सकर | १५ एप्रिल, सकाळी

आजोबा, नेमकं! इथल्या तरुण लोकांना त्याची जीभ खटकते, आणि कधी कधी मलाही खटकते. पत्रकारांसमोर स्वतःच्या खेळाडूंना टोचून बोलतो, ते मला आवडत नाही. पण गेल्या २० नोव्हेंबरला त्याने १२१७वा सामना जिंकून कॉलेज बास्केटबॉलमधला सर्वाधिक विजयांचा विक्रम मोडला, आणि त्या दिवशीही शेजारी डेली उभी. चाळीस वर्षं एका बाकावर. आमच्या ऑफिसात चाळीस आठवडे टीम लीड टिकत नाही.

---

तर्री_पोहे | १५ एप्रिल, दुपारी

नागपूरहून. काय लिहिलंय राजा! इथे आमच्या गल्लीत पोरं सारी क्रिकेटच्या मागे, पण माही पुतणी बास्केटबॉल खेळते, बारावीत आहे. काहून माहीत नाही, पण तिले मोठा बॉल देतात अन् मग म्हणतात शॉट पोचत नाही. तिथे पोरींचा बॉल वेगळा असतो का?

अन् मले सामने बघायचे आहेत. कुठून सुरू करू? फायनल?

---

गार्ड_क्र_७ | १५ एप्रिल, दुपारी

@तर्री_पोहे होय, वेगळा. मुलींचा सहा नंबरचा, घेर साडेअठ्ठावीस इंच. पुरुषांचा सात नंबर, साडेएकोणतीस. आपल्याकडेही नियमाने मुलींना सहाच हवा. क्लबात सात नंबरच पडलेले असतात म्हणून तेच हातात देतात. पुतणीला स्वतःचा सहा नंबर घेऊन द्या, महिन्याभरात मनगट सुधारेल. चुकीच्या बॉलने खांद्यातून ढकलायची सवय लागते आणि ती जाता जात नाही, मला विचारा.

---

मिसळपुरी | १५ एप्रिल, दुपारी

एक इंचाने एवढा फरक? आमच्याकडे एक इंचावरून भावकीत कोर्टकचेऱ्या झाल्यात, म्हणजे पडत असेल.

---

हडसन_काठचा | १५ एप्रिल, संध्याकाळी

मला एक सांगा स्टॉर्सकर, पुढच्या वर्षी काय? पेज गेली, चेन गेली. आता परत नऊ वर्षं?

---

स्टॉर्सकर | १५ एप्रिल, रात्री

फड राहतेय, तिने आधीच जाहीर केलंय. सारा दुसऱ्या वर्षात येईल. म्हणजे फायनलमधल्या ८२ पैकी ४८ गुण घरातच आहेत. हेच तर मी पहिल्या पोस्टपासून बोंबलतोय.

चिंता एकच, बॉल वर आणणार कोण. केकेच्या हातात जास्त येईल, आणि केके सुटली की भन्नाट, अडली की थेट प्रेक्षकांत पास. चेन गेल्याचं दुःख या गावात मला एकट्यालाच दिसतंय. मिरवणुकीत तिचं नाव लिहिलेला फलक धरलेली एकच मुलगी दिसली, तीही बहुतेक तिची नातेवाईक असावी.

@तर्री_पोहे फायनलने सुरुवात करू नका. आधी टेनेसीचा पराभव बघा, ६ फेब्रुवारीचा. मग दहा दिवसांनंतरचा कोलंबियाचा सामना. पुतणीला सोबत घेऊन बसा. तिला सांगा बॉलकडे बघू नको, ज्यांच्या हातात बॉल नाही त्या चौघींकडे बघ. फायनल मग एखाद्या रविवारी जेवणानंतर.

---

तर्री_पोहे | १७ एप्रिल, रात्री

टेनेसीवाला लावला. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत आलो. पुतणी म्हणते, काका, या साऱ्या त्या पाच नंबरकडेच बघत उभ्या आहेत बे. सहा नंबरचा बॉल सीताबर्डीत मिळाला.